जेरुसलेम, दीड तासावर

"रविवारी जेरुसलेमला जाऊ. दीड तासाचा रस्ता आहे," असं म्हणून मैत्रीण पुन्हा कांदा चिरायला लागली.

शुक्रवारची रात्र होती, तोरिनो शहर होतं आणि गॅसवर पिठलं रटरटत होतं. जर्मनीतलं काम उरकून मी शनिवार-रविवार तिच्याकडे आले होते. प्रवासानं डोकं इतकं जड झालेलं, की जेरुसलेम इटलीत कसं, हे विचारायचंही राहून गेलं.

छत्रपती संभाजीनगरशेजारच्या आमच्या बजाजनगरात कुणी इटलीला गेलंय म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे व्हेनिसच्या होड्या येत नाहीत. डाय, कास्टिंग आणि ऑडिट येतं. वाळूज एमआयडीसीत मुख्यालय असलेल्या एंड्युरन्स कंपनीचे कारखाने तोरिनोच्या आसपास आहेत. आमच्याकडच्या माणसांना त्यामुळे इटलीचा हाच कोपरा आधी माहीत होतो. रोम राहिलंच तर राहू दे, असा एकूण भाव. मैत्रीणही अशाच एका कारखान्याच्या कामावर इथं आलेली, क्वालिटीत.

शनिवारी तिनं मला आधी कारखानाच दाखवला. इटलीत पाहुणीला चर्च सोडून कारखान्यात नेणारी बाई वाळूजचीच असणार. लिंगोत्तो ही फियाटची जुनी पाच मजली इमारत, १९२३ साली सुरू झालेली. कच्चा माल तळमजल्यावर आत यायचा, मजल्यामजल्यावर गाडी जुळत जुळत वर चढायची आणि पुरी झाली की थेट गच्चीवर निघायची. गच्चीवरच चाचणीची धावपट्टी. १९८२ मध्ये कारखाना बंद पडला. आता आत दुकानं आणि हॉटेल आहे, वर झाडं लावलीत. आमच्या नजरेला सवय आडव्या कारखान्यांची: सपाट माळ, पत्र्याची शेड, या दारानं माल आत आणि त्या दारानं बाहेर. मोटारीनं मजले चढायचे हेच मला नवल. मैत्रिणीला दुसरीच चिंता. "वर येऊन नापास झालेली गाडी खाली कशी न्यायचे गं?" मग त्यासाठीचा गोल फिरत जाणारा रॅम्प शोधून, तो बघून झाल्यावरच तिचा जीव खाली पडला.

दुपारी १७६३ पासून चालू असलेल्या एका कॅफेत बिचेरिन प्यायलो. खाली चॉकलेट आणि कॉफी, वर साय; ढवळायचं नाही. मला ही अट आवडली. पण तोरिनोत सगळ्यात आवडले ते रस्त्याकडेचे कमानीदार ओटे. मैलोन्‌मैल पसरलेत. राजाला पावसात न भिजता राजवाड्यापासून नदीपर्यंत जाता यावं म्हणून काही बांधले, असं सांगतात. राजासाठी बांधलेली सावली दोनशे वर्षं प्रजा वापरते आहे, हा राजेशाहीचा मला पटलेला एकमेव फायदा. तिथला उंच मनोरा मी खालूनच बघितला. उंचीवर जाऊन शहर बघण्यात मला कधी गोडी वाटली नाही. वरून सगळी शहरं नकाशासारखी दिसतात आणि नकाशा घरीही बघता येतो.

रविवारी गाडी मिलानच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना पाणी भरलेली भातखाचरं, वेर्चेल्लीची. इटलीत भात पाहिला की आपण उगाच खूश होतो. पुढे डोंगर जवळ आले, सेझिया नदी लागली आणि वाराल्लो गाव आलं. गावाच्या डोक्यावर, झाडीत, जेरुसलेम.

बेर्नार्दिनो काईमी नावाचा एक फ्रान्सिस्कन साधू पवित्र भूमीत राहून आला होता. तिकडचा प्रवास किती महाग आणि जिवावरचा आहे, हे त्यानं पाहिलेलं. या खोऱ्यातला शेतकरी, गवंडी, मेंढपाळ जन्मात जेरुसलेम बघणार नाही हे उघड होतं. मग त्यानं १४८६ मध्ये पोपची परवानगी काढली आणि ख्रिस्ताचं थडगं जसं तिथं आहे तसं या टेकडीवर बांधायला घेतलं. त्याच्यामागून बांधणारे आले, वाढवणारे आले. आज तिथं चाळीसहून जास्त छोटी देवळं आहेत आणि त्यांत माणसाएवढ्या शेकडो मूर्ती. लाकडाच्या, भाजल्या मातीच्या. काहींना खरे केस, खरे कपडे. आदम आणि ईव्हपासून सुरुवात, मग नाझरेथ, बेथलेहेम, शेवटचं जेवण, पकडणं, मारणं, क्रूस. अशा टेकड्यांची या भागात पुढे रीतच पडली. त्यांतल्या नऊ २००३ साली जागतिक वारशात गेल्या.

देवळात शिरता येत नाही. दाराला लाकडी जाळी आणि जाळीला डोळ्याच्या उंचीवर भोकं. भोकाला डोळा लावायचा, की आतली गर्दी अंगावर येते. आमच्या पुढे एक म्हाताऱ्या बाई होत्या, हातात बाजाराची पिशवी. प्रत्येक भोकाशी त्या निवांत उभ्या राहत. आतल्या कुणाची तरी विचारपूस करायची असावी तशा. मैत्रिणीनं आपल्या मोडक्या इटालियनमध्ये त्यांना विचारलं, की तुम्ही खऱ्या जेरुसलेमला गेलात का कधी? बाईंनी तिच्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. म्हणाल्या, "कशाला? तिथं फार गर्दी असते म्हणे."

मला आमचे आजोबा आठवले, आणि ते एकदा आठवले की लवकर जात नाहीत.

आजोबा बीडकडचे. गळ्यात माळ, आणि पैठणहून निघणाऱ्या एकनाथांच्या पालखीबरोबर पायी पंढरपूर. कधीपासून ते त्यांनाही सांगता यायचं नाही. वडील वाळूजला कंपनीत लागले आणि घरातली वारी तिथं अडली. आषाढात वडिलांना एवढी रजा कोण देणार? पण वाळूजला याचं उत्तर तयार होतं. नगर रोडवर, कारखान्यांच्या तोंडाशीच, पंढरपूर नावाचं गाव आहे. तिथं विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आहे. सगळे त्याला छोटं पंढरपूर म्हणतात. आषाढी एकादशीला शहरातून माणसं पहाटेच चालत निघतात: छावणी, नगर नाका, गोलवाडी. रस्ताभर केळी, राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी वाटणारे मांडव. शाळांच्या दिंड्या, त्यांत मिशी काढलेले तुकाराम आणि नऊवारी सांभाळत रडकुंडीला आलेल्या रखुमाया. ट्रक एका कडेला थांबलेले. आणि या सगळ्यांत मिसळलेले, रात्रपाळी सुटून परस्पर आलेले, कंपनीच्या गणवेशातले, हातात डबा असलेले वारकरी. वडील त्यांतले.

एका आषाढात आजोबांचे गुडघे नाहीच म्हणाले. पालखी चुकली. त्यांना आमच्याकडे आणलं. वडील म्हणाले, "दादा, आपल्याकडंबी हाय पंढरपूर. चला."

आजोबा बाजेवरून हलले नाहीत. "कंपनीतला इठोबा?" म्हणाले.

वडिलांनी पुष्कळ समजावलं. आजोबांनी शेवटी अगदी वकिली मुद्दा काढला: "चंद्रभागा कुठंय तुमच्यात? आंघूळ कशात करायची?" आता आमच्याजवळ वाहते ती खाम नदी, आणि खाममध्ये वडिलांनी आपल्या बापाला उतरवलं नसतं. आई स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. तिनं बाहेर येऊन सांगितलं, "मामा, आपल्या नळाला जायकवाडीचं पाणी येतं. पैठणचं."

आजोबा थोडा वेळ नळाकडे बघत राहिले. पैठणचं पाणी म्हणजे गोदावरीचं. गोदावरीचं म्हणजे नाथांच्या घरचं. आणि नाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी होऊन देवच पाणी भरायचा, हे वारकऱ्याला सांगावं लागत नाही. "म्हंजी श्रीखंड्याच भरतोय की अजून," ते म्हणाले. "कावड टाकून पायपातनं भरतोय एवढंच." मग त्यांनी आईकडून बादली भरून घेतली, मोरीत बसून मोठमोठ्यानं अभंग म्हणत अंघोळ केली आणि सगळ्यांच्या आधी चपला घालून दारात उभे राहिले. देवळात रांग लांब होती. आजोबा रांगेतल्या कामगारांना गाव विचारत सुटले. कुणी पाथर्डीचा, कुणी परतूरचा, कुणी चिखलीचा, कुणी थेट चाळीसगावचा. प्रत्येकाच्या गावाजवळून कुठली पालखी जाते, मुक्काम कुठं पडतो, तिथलं पाणी गोड की मचूळ, हे आजोबांना पाठ. दर्शन आटोपल्यावर वडिलांनी भीतभीत विचारलं, "कसं वाटलं?" आजोबा म्हणाले, "मूर्ती चांगलीय. पर माणसं जास्त दमलेली हायेत इथली. तिकडच्यापरास."

पुढच्या वर्षी गुडघे बरे झाले आणि ते पालखीबरोबर मोठ्या पंढरपूरला गेले. छोट्या पंढरपूरचं कौतुक त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. पण पैठणचं पाणी घरात येतं, ही गोष्ट मात्र गावभर सांगितली.

आमच्या मुलखाला दूरच्या जागा जवळ आणण्याची खोड फार जुनी आहे म्हणा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्णानं हिमालयातला कैलास वेरूळच्या खडकात वरून खाली कोरून काढायला लावला. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाला अख्खी दिल्लीच देवगिरीला हवी होती. ते तेवढं जमलं नाही. औरंगजेबाच्या बेगमेसाठी, दिलरास बानूसाठी, ताजमहाल आला, थोडा बारीक होऊन: बीबी का मकबरा. वाळूजच्या कामगारांनी तेच केलं, फक्त खजिना हाताशी नव्हता. बजाजनगरात मोहटादेवी चौक आहे. पाथर्डीची देवी तिथं कशी आली, हे पाथर्डीहून कामाला आलेल्या कुणालाही विचारा. मकबऱ्याला 'गरिबांचा ताज' म्हणून नाक मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. ज्याला रजा मिळते त्यानं अस्सलची मिजास करावी. ज्याला मिळत नाही, त्यानंच तर या सगळ्या जागा उभ्या केल्या.

वाराल्लोतही एक गंमत दिसली. ख्रिस्ताला छळणाऱ्यांमध्ये एक गलगंड झालेला माणूस आहे, गळ्याला मोठी गाठ आलेला. जेरुसलेमची ही ओळख नव्हे. आल्प्सच्या खोऱ्यांत आयोडीन कमी, म्हणून गलगंड घरोघरी. मूर्तिकारांनी शेजारचीच माणसं उचलून थेट बायबलात बसवली होती. बहुतेक तो गलगंडवाला आपल्या बायकोला घेऊन टेकडीवर आला असेल आणि म्हणाला असेल, बघ, मीच आहे.

परतताना मी मैत्रिणीला प्रीमो लेवीबद्दल सांगत होते. तोरिनोचा हा लेखक. ज्या घरात जन्मला त्याच घरात १९८७ मध्ये गेला. छळछावणीतून वाचून परत आल्यावर कितीतरी वर्षं त्यानं रंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केली आणि नोकरी सांभाळून लिहिलं. १९७८ च्या त्याच्या एका कादंबरीत जगभर क्रेन आणि पूल उभारत फिरणारा जोडारी आहे. तो भारतातही पुलाच्या कामावर येऊन जातो. आपलं काम नीट येणाऱ्या माणसाला त्या कामात केवढं सुख असतं, हा त्या पुस्तकाचा विषय. मराठीत कारखाना आला की संप येतो, भोंगा येतो, गिरणी बंद पडते. ते सगळं खरंच आहे. पण पाना हातात घेऊन खूश असलेला फिटर आमच्या साहित्यात मला फारसा भेटला नाही, आणि वाळूजमध्ये मात्र तो दर चौकात चहा पिताना भेटतो.

"मग लिही की," मैत्रीण म्हणाली. "पोरोसिटीवर लिही."

आणि वेर्चेल्लीची खाचरं मागे जाईपर्यंत ती बोलत राहिली: वितळलेलं ॲल्युमिनियम डायमध्ये किती जोरानं घुसतं, क्षणभरात भरतं आणि घाईत थोडी हवा गिळून बसतं, वरून पार्ट कसा आरशासारखा दिसतो, बोट फिरवलं तरी कळत नाही, मशीनिंग करताना कातडी निघाली की मग आतली भोकं उघडी पडतात, लीक टेस्टला पाण्यात एकच बुडबुडा येतो आणि अख्खा लॉट बाजूला ठेवावा लागतो. "पण तो बुडबुडा कुठून येतो ते सापडलं ना," ती स्टिअरिंगवरचा एक हात सोडून म्हणाली, "गेट थोडं इकडं घेतलं, व्हेंट थोडा मोठा केला, आणि दुसऱ्या दिवशी रिजेक्शन खाली आलं, की काय वाटतं सांगू?" तेवढ्यात टोलनाका आला आणि ती सुटे पैसे शोधायला लागली.