सातबारा सापडतो, मोबाईल उघडत नाही

आपल्याकडे माणूस गेला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. तेरावा झाला की नगरपालिकेतून मृत्यूचा दाखला काढायचा, तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यायचा, पासबुक घेऊन बँकेत जायचं. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही सातबारा, फेरफार, सहा-क हे शब्द पाठ असतात. जमिनीच्या बाबतीत तीन पिढ्यांचा अनुभव गाठीशी आहे.

पण गेलेल्याच्या मोबाईलचं काय करायचं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

आमच्याच व्यवसायातला एक मित्र गेला. पंचेचाळिशीचा, रात्रीत हार्ट अटॅक. तालुक्यातला मोर्चा असो, यात्रा असो, टँकरमागची गर्दी असो, फोटो हमखास त्याच्याकडे सापडायचा. आधी सीडी, मग पेन ड्राइव्ह, आणि शेवटची काही वर्षं सगळं फोनमध्ये आणि गुगलवर. वहिनींना फोनचा पॅटर्न माहीत नव्हता. मुलानं अंदाजानं पाच-सहा वेळा बोट फिरवलं, फोन लॉक झाला. दुकानवाला पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "काकू, फोन चालू करून देतो, पण आतलं सगळं जाईल." फोन दोन महिने कपाटात पडून राहिला. मग मुलाला कॉलेजसाठी फोन लागला आणि फॉरमॅट मारावाच लागला. दरम्यान रिचार्ज न केल्यानं नंबरही बंद पडला होता. ओटीपी त्याच नंबरवर जाणार, त्यामुळे जीमेलचा रस्ताही बुजला.

फोटो गेले ते तालुक्याचे गेले. घराचं नुकसान वेगळंच. जाहिरातींचा सगळा हिशोब व्हॉट्सॲपवर होता. वाढदिवसाच्या जाहिराती कुणी दिल्या, पैसे कुणाकडे अडकलेत, हे त्या फोनलाच माहीत. दोघातिघांनी स्वतःहून घरी आणून दिले. बाकीचे गप्प बसले. आणि फेसबुकवर अजूनही दर वर्षी त्याच्या भिंतीवर लोक लिहितात, "भाऊ, उदंड आयुष्य लाभो." वहिनी ते वाचतात.

म्हणून हा विषय फक्त पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचा नाही. घरातली कागदपत्रांची ट्रंक आता मोबाईलमध्ये गेली आहे. एसआयपी तिथे, विम्याची पॉलिसी ईमेलवर, भिशीचा हिशोब व्हॉट्सॲपवर, कुणाचं यूट्यूब चॅनल, एखाद्या पोराचं क्रिप्टो. त्या क्रिप्टोची किल्ली मालकानं स्वतःकडेच ठेवली असेल आणि ती कुणाला सांगितली नसेल, तर बाप मंत्रालयात जाऊन बसला तरी पैसे निघत नाहीत.

आता दोन गोष्टी, ज्यात आपल्याकडे सर्रास घोळ होतो.

एक. माणूस गेल्यावर त्याच्या एटीएम कार्डानं किंवा यूपीआयनं पैसे काढणं. "कार्याला लागतात, आपलेच आहेत," असं म्हणून लोक काढतात. पण मृत्यूनंतर त्या पैशावर सगळ्या वारसांचा हक्क येतो. उद्या भावकीत वाद झाला तर काढणाराच अडचणीत येतो. बँकेला कळवून रीतसर दावा करणं हाच रस्ता.

दोन. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. 'कालनिर्णय'चे जयंत साळगांवकर यांच्या वारशावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ ला हेच स्पष्ट केलं. शेअर्स आणि म्युच्युअल फंडाचा नॉमिनी ते हातात घेतो, पण मालकी मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसारच ठरते. म्हणजे नॉमिनी हवाच, पण मृत्युपत्रही हवं. ते साध्या कागदावर चालतं. तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. नोंदणी केली तर उत्तम, पण सक्ती नाही.

बँकेच्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या शोधायला 'उद्गम' नावाचं पोर्टल २०२३ पासून सुरू आहे. वडील, आजोबा गेलेले असतील तर त्यांच्या नावानं एकदा शोधून बघा.

फोनमधल्या बाकी गोष्टींसाठी आपल्याकडे अजून स्वतंत्र कायदा नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपल्या माहितीसाठी वारसदार नेमण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कायद्याच्या बहुतेक तरतुदी लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. तोवर कंपन्यांनी दिलेल्या सोयी वापरायच्या. गुगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. खातं तीन, सहा, बारा की अठरा महिने बंद दिसल्यावर कुणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं, हे आपण आधीच ठरवून ठेवू शकतो. हे केलं नाही, तर दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल पुसून टाकू शकतं. फेसबुक आणि आयफोनमध्ये 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. फेसबुकवर तो माणूस तुमचे मेसेज वाचू शकत नाही, त्यामुळे काळजी नसावी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातलं माणूस गेलं तर त्याचं सिम लगेच बंद पडू देऊ नका. रिचार्ज चालू ठेवा, दाखला मिळाला की नंबर वारसाच्या नावावर करून घ्या. नाहीतर काही महिन्यांनी तोच नंबर भलत्याच माणसाच्या खिशात वाजतो.

माझी नगरपालिकेला आणि ग्रामपंचायतींना एक विनंती आहे. मृत्यूचा दाखला देताना सोबत एक पानी छापील सूचना द्या. सिम, बँक, विमा, म्युच्युअल फंड, गुगल, फेसबुक, कुठे काय करायचं ते त्यात लिहा. खर्च एका झेरॉक्सचा आहे. दुःखातल्या घराला त्या पानाचा आधार होईल. येत्या आठवड्यात मी मुख्याधिकाऱ्यांना तसं निवेदन देणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी कळवा.

आमच्या घरी दोनशे पानी वही केली आहे. कुठली खाती, कुठल्या पॉलिसी, कुणाकडून येणं, कुणाचं देणं. पासवर्ड त्यात नाहीत, ते बंद पाकिटात वेगळे आहेत. वही कुठे आहे ते बायकोला आणि मुलीला माहीत आहे. पहिल्या दिवशी बायको म्हणाली, "हे काय अभद्र घेऊन बसलात संध्याकाळच्या वेळी?" दुसऱ्या दिवशी तिनंच आपल्या बचत गटाचा हिशोब त्यात लिहिला.