नारायणगावची काळी आई

पुण्याहून नाशिकच्या वाटेला लागावे, मंचर मागे टाकावे, की थोड्याच वेळात नारायणगाव येते. अंतर म्हणाल तर पुण्यापासून सुमारे पाऊणशे किलोमीटर. नारायणगाव म्हटले, की रसिकांना तमाशा आठवतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचे हे गाव! फाल्गुनात येथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. इतिहासाच्या वेड्यांना जवळचा शिवनेरी खुणावतो, तर आकाशाची कोडी सोडवणाऱ्यांना खोडदच्या अजस्र दुर्बिणी. मला मात्र ओढ होती ती टोमॅटोची.

हंगामात येथला टोमॅटोचा बाजार पाहण्यासारखा असतो. वीस-वीस किलोच्या क्रेटच्या थप्प्या, ट्रकांची रांग आणि आडत्यांचा गलका. पण बाजार हा नाटकाचा शेवटचा अंक. पडदा उघडतो तो शेतात, रोप लागण्याच्याही आधी. तो पहिला अंक पाहावा, म्हणून मी मुद्दाम फाल्गुनात गेलो.

गावापासून थोड्या अंतरावर एका वृद्ध शेतकऱ्याचे रान आहे. ‘या पावणं,’ म्हणून त्यांनी स्वागत केले आणि चहाच्या आधी ढेकूळ हातावर ठेवले. मुठीत दाबताच ते भुसभुशीत होऊन बोटांतून गळाले.

‘बाबा, खत कोणतं घालता?’ मी शहरी माणसाचा नेहमीचा प्रश्न विचारला.

‘खताचं मागनं बघू. आधी बेवड इचारा!’ म्हातारबाबा हसले.

बेवड म्हणजे आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण. या पट्टीत हरभरा होऊन गेला होता. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. म्हणजे हा पाहुणा जेवून जाताना घरात शिधा ठेवून गेला म्हणायचा! उलट वांगी, मिरची, बटाटा ही टोमॅटोची सख्खी भावंडे. आपल्या आजीच्या पिढीत टोमॅटोला बेलवांगे म्हणत, ते काही उगीच नव्हे. एका घराण्याच्या माणसांचे रोगही सारखेच. म्हणून भावंडांच्या पाठोपाठ टोमॅटो लावला, की मर रोग आणि मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी आयतेच वाट पाहत बसलेले असतात.

बेवड पाहिला, की खोल नांगरट. मग जमिनीने ऊन खायचे. त्यानंतर एकरी आठ-दहा टन शेणखत, तेही पुरते कुजलेले. कच्चे शेण हुमणीला आमंत्रण देते. वर गादीवाफे ओढायचे, कारण टोमॅटोला ओल हवी, पण पाण्यात पाय बुडालेले खपत नाहीत. गादीवर ठिबकची नळी, तिच्यावर मल्चिंगचा कागद. एवढे झाल्यावर कुठे पंचवीस-तीस दिवसांच्या रोपाचा गृहप्रवेश!

रासायनिक खतांचा हिशेब सूनबाईंकडे. त्या माती परीक्षणाचा कागद घेऊन आल्या. ‘मामंजी हाताने ओळखतात, मी कागदाने,’ त्या म्हणाल्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची संकरित टोमॅटोसाठी शिफारस हेक्टरी ३०० किलो नत्र, १५० किलो स्फुरद आणि १५० किलो पालाश अशी आहे. परीक्षणात जमिनीत जे आधीच आढळेल, ते पाहून यात कमीजास्त करायचे. स्फुरद मुळांसाठी, म्हणून तो लागवडीलाच. पालाशाने फळाला रंग आणि टिकाऊपणा येतो. नत्र मात्र हप्त्याहप्त्याने. ‘एकदम दिला, की झाड माजतं. पानंच पानं, फळाचं नाव नाही!’

मग त्यांनी एक गमतीची गोष्ट सांगितली. या जमिनीत चुनखडी भरपूर. तरीही कधी कधी फळाच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो आणि तो पडतो फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, न मिळाल्यामुळे! अन्नाच्या कोठारात उपासमार कशी? कॅल्शियम पाण्याच्या वाटेनेच फळात चढते. पाणी आज भरपूर आणि उद्या नाही, असे झाले की ती वाट तुटते. अशा वेळी खताच्या गोणीपेक्षा पाण्याची शिस्त उपयोगी.

खालच्या पट्टीत मका उभा होता. तिथे आदल्या उन्हाळ्यात टोमॅटो होता. त्या मक्यावरून बापलेकांत वाजले होते. २०२३ च्या जुलैत शहरांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला, हे आपल्याला ठाऊक आहेच. तेव्हापासून मुलाच्या मनात एकच, दोन्ही पट्ट्यांत टोमॅटोवर टोमॅटो घ्यावा. डोक्यावर कर्ज होते. त्याचेही चूक कसे म्हणावे? पण त्याच वर्षी सप्टेंबरात भाव किलोला चार-दोन रुपयांवर कोसळला आणि शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला. बांबू, तार, सुतळी, औषधे धरून एकरी लाखाहून अधिक खर्च. तो तर भाव कळण्याआधीच होऊन जातो.

‘भाव आपल्या हातात न्हाई,’ म्हातारबाबा म्हणाले. ‘जमीन हाय. ती बी घालवली, तर पोराला काय देऊ?’

मुलगा बांधावर उभा होता. तो काही बोलला नाही. पण मक्याला पाणी त्यानेच सोडले.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांची शेती गॅलरीतल्या दोन कुंड्यांत मावते. तिलाही हाच नियम. ज्या कुंडीत मिरची होती, तिच्यात यंदा टोमॅटो नको. मेथी किंवा कोथिंबीर लावा. टोमॅटोसाठी मोठी कुंडी, तळाला भोक, मातीत चांगले कुजलेले खत, रोज बेताचे पाणी आणि सहा-एक तास ऊन. रोप कोमेजले, की लगेच खताची पुडी उघडू नका. आधी मातीत बोट घालून पाहा.

आणि भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून पाहताना एवढे ध्यानात असू द्या: तो घट्ट, लालबुंद निघाला, तर त्याच्या आधी त्या रानात काय पिकले होते, याचीही त्याला पुण्याई आहे.