मी पाहिलेला टेनिसचा सामना

'मी पाहिलेला सामना' हा निबंध आपण मुलांना दरवर्षी लिहायला देतो. आज माझा वाचा.

तेल्हाऱ्याहून एसटीने अकोला, तिथून रात्रभर रेल्वेने पुणे. मुलगा हिंजवडीत नोकरीला, तिकिटं त्यानंच काढलेली. ५ जानेवारी २०१९, बालेवाडी. टाटा ओपन महाराष्ट्र स्पर्धेचा अंतिम सामना, केविन अँडरसन विरुद्ध इव्हो कार्लोविच. कार्लोविच ३९ वर्षांचा, उंची जवळजवळ सात फूट! त्याची सर्व्हिस दिसायचीच नाही, नुसता आवाज. मी ओरडलो, तर मुलगा म्हणतो, "बाबा, चूप ऱ्हा ना, सर्व्हिसच्या वेळी बोलत नसतात." वर्गात दिवसभर हेच मी म्हणतो.

तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले. शेवटचा टायब्रेक अँडरसननं ७-५ असा जिंकला. मुलगा मात्र हरलेल्या कार्लोविचसाठी उभा राहून टाळ्या वाजवत होता.

दहावीच्या वर्षी याची बॅडमिंटनची रॅकेट मीच कपाटात कुलपात ठेवली होती. आपण करतोच तसं. परीक्षा झाल्यावर त्यानं मागितली नाही, मीही काढून दिली नाही. ती अजून तिथंच आहे. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "चला बाबा, भूक लागली असंन तुम्हाले."