साखरेच्या गावात ‘सामना’

सणासुदीला गोड वस्तूविषयी कडू बोलू नये, असा शिष्टाचार आहे. तो मला मान्य आहे. पण आम्ही पडलो कोल्हारचे. नगरहून मनमाडकडे निघाले आणि प्रवरेचा पूल ओलांडला, की भगवतीचे देऊळ आणि आमचे गाव. लोणी तिथून हाकेच्या अंतरावर. साखरेचा विषय निघाला, की इथल्या माणसाचा आवाज आपोआप चढतो, आणि त्याला कारणही तसेच आहे.

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालव्यांनी पाणी खाली आले; पण ऊस पिकवणारा शेतकरी काही सावकाराच्या वहीतून सुटला नाही. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भांडवल जमवले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थपंडित पाठीशी उभा राहिला, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या सहकारी कारखान्याने गाळप सुरू केले. आमच्या घरात त्या शेअरपायी आजीची बोरमाळ मोडली. त्याच उसाच्या पैशावर माझे शिक्षण झाले.

अशा गावात यात्रेच्या तंबूत ‘सामना’ लागला, तेव्हा केवढी गर्दी झाली असेल, ते सांगायला नको! चित्रपट १९७५ सालचा. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे, आणि निर्माते रामदास फुटाणे तर आमच्याच जिल्ह्यातल्या जामखेडचे. त्याच वर्षी तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला होता; पण बर्लिनच्या प्रेक्षकांना उसाच्या फडाचा वास कुठून येणार? तो आम्हाला आला.

हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. कारखान्यापासून चुलीपर्यंत त्याचाच शब्द चालतो. निळू फुले पडद्यावर आले, तशा तंबूत शिट्ट्या वाजल्या. मग गावात येतो एक पडका, दारूत बुडालेला मास्तर, एके काळचा स्वातंत्र्यसैनिक. ते डॉ. श्रीराम लागू. एक कधी काळी माळीकाम केलेला नट, दुसरा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. दोघांनी तो तंबू असा धरून ठेवला, की भेळवालासुद्धा कनातीपाशी उभा राहून पाहू लागला. मास्तरच्या कानावर मारुती कांबळे नावाच्या एका नाहीशा झालेल्या माणसाची गोष्ट येते, आणि तो एकच धोशा लावतो : त्या मारुती कांबळेचे झाले काय? हळूहळू शिट्ट्या थांबल्या.

बाहेर पडताना आमचे तात्या म्हणाले, “पिक्चर चांगलं हाय, पन आपल्याकडं आसलं काय न्हाई बरं का.”

वास्तविक त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते!

तात्यांचे म्हणणे खोटे नव्हते. हिंदुराव हा कोणा एका कारखान्याचा माणूस नव्हेच. पण मला त्याच्याहून मास्तरचे नवल वाटत राहिले. गावाला काही ठाऊक नसते असे थोडेच असते? पण कोणाचा ऊस वेळेवर तुटायचा असतो, कोणाचा मुलगा नोकरीला लावायचा असतो. माणूस भीतीने गप्प बसतो, तसा उपकारानेही बसतो. आणि उपकाराने गप्प बसलेल्या माणसाला आपण गप्प आहोत, हे उमगतसुद्धा नाही. मास्तर तरी कुठे मोकळा होता? हिंदुरावाच्याच वाड्यात राहायचा, त्याचीच दारू प्यायचा. म्हणजे मिंधा तोही होता, आणि तरी विचारीत होता. तेंडुलकरांनी खरी मेख मारून ठेवली आहे ती इथे. ज्याचे अन्न खाल्ले, त्याला प्रश्न विचारणे म्हणजे बेइमानी, ही आपली समजूत त्या दारुड्याने पार खोटी पाडली.

दिवाळीच्या आगेमागे गाळपाचा हंगाम सुरू होतो. बीडकडून, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाशेजारी कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’. उचल मुकादमाकडून घ्यायची आणि हंगामभर तोडून फेडायची. कित्येकांची दिवाळी वाटेवरच होते. सभासदांच्या यादीत माझ्या आजोबांचे नाव होते, उसाच्या पावतीवर माझे असते. तोडणाऱ्यांचे मात्र बहुधा मुकादमाच्याच वहीत.

गेली काही वर्षे माझ्या फडात येणाऱ्यांची नावे मी एका वहीत लिहून ठेवतो. पहिल्यांदा विचारले, तेव्हा एक बाई हसली, म्हणाली, “आमचं नाव कशाला? मुकादमाचं लिव्हा की.” तरी मी लिहिले. तात्या असते, तर त्यांनी हा माझा रिकामटेकडा उद्योग म्हटला असता.

मागच्या हंगामात वही उघडली, तर आदल्या साली आलेली एक जोडी टोळीत दिसेना. मी मुकादमाला विचारले, “त्यांचं काय झालं?”

“दुसऱ्या कारखान्याला गेली,” तो म्हणाला.

गेली असतील. पण उत्तर देण्यापूर्वी तो जरा थांबला आणि माझ्या हातातल्या वहीकडे पाहत राहिला.