चौथ्या सीटवरची साक्षीदार

मराठी भयकथेला जागेची ददात कधी पडली नाही. नारायण धारपांची माणसं ओसाड वाड्यात मुक्कामाला जातात, गावाबाहेरचं घर घेतात, बंद खोल्या उघडतात. पण डोंबिवलीच्या वन-रूम-किचनमध्ये माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या आणि दिवाळीचा कंदील. भुताने तिथे राहायचं ठरवलंच, तर आधी सोसायटीची एनओसी आणावी लागेल. तेव्हा दोन बायकांमधल्या जीवघेण्या ओढीची, पानागणिक चढत जाणाऱ्या भीतीची माझ्या मनातली कादंबरी ठाणे-कल्याण पट्ट्यात घडवायची, तर वाडा विसरायला हवा. इथली भीती खोलीच्या टंचाईतूनच उभी राहील.

तशी ती एकदा उभी राहिलीही, पण तिला कुणी भयकथा म्हटलं नाही. १९८१ साली ठाण्यात, तलावपाळीच्या काठावरच्या गडकरी रंगायतनात, विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’चा पडदा पहिल्यांदा उघडला. दिग्दर्शन विनय आपटे यांचं आणि सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. काळ स्वातंत्र्याच्या आधीचा. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, समोर नमा असते. नाटक संपतं, मित्राचं मात्र संपत नाही. नमा कधी तिच्याकडे, कधी आपल्या प्रियकराकडे, दळवीकडे. मित्राने लिहिलेली पत्रं दळवीच्या हाती लागतात. या दोघींना भेटायला जागा कोणती? मित्राचा कॉलेजातला सोबती बापू, त्याची खोली. मित्रा हुकूम सोडते आणि हा भिडस्त मुलगा स्वतःच्याच खोलीबाहेर पडून रस्ते तुडवत राहतो.

तेंडुलकरांनी मित्राला साध्वी केलं नाही, हे मला फार आवडतं. ती हक्क गाजवते, वापरून घेते, फटकारते. तिची ओढ समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. पण माझ्या अंगावर काटा येतो तो बापूमुळे. खोली त्याची, आणि शेवटी तिला दार बंद करणाराही तोच. मित्रा जीव देते. सामाजिक नाटक इथे थांबतं: बाई मेली, प्रेक्षक हळहळले, शेवटची लोकल गाठायला निघाले. भयकथा मात्र इथून सुरू होते, कारण त्या प्रकारात मेलेल्याला परत यायची मुभा असते. सगळं नाटक बापूच्या आठवणीतून येतं, हे लक्षात घेतलं तर मित्रा परत आलेलीच आहे. बापूला तिने झपाटलंय, आणि त्यावर अंगारा नाही.

दोन बायकांमधल्या ओढीच्या गोष्टींत घरातल्यांची नजर नेहमी चुकीच्या ठिकाणी असते. शेरीडन ल फानूची ‘कार्मिला’ १८७२ ची, ‘ड्रॅक्युला’पेक्षा पंचवीस वर्षांनी थोरली. त्यात रक्तपिपासू मुलीला घरात ठेवून घेतो तो नायिकेचा बापच. मुलीला सोबत झाली, एवढंच त्याला दिसतं. इस्मत चुगताईंच्या ‘लिहाफ’मध्ये (१९४२) भिंतीवर रजईची सावली हत्तीसारखी डोलते आणि ती बघून घाबरतं एक लहान पोर. मोठे घाबरले ते छापून आल्यावर, आणि थेट लाहोरच्या कोर्टात गेले. १९९८ मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ या चित्रपटावरून मुंबईत थिएटरं फोडणाऱ्यांचीही नजर कुठे होती, ते वेगळं सांगायला नको.

ही न दिसण्याची सोय आपल्या लोकलच्या लेडीज डब्यात पुरेपूर आहे. दोघीजणी एकमेकींच्या खांद्यावर मान टाकून झोपल्या, केसांत गजरा माळला, एका डब्यातलं खाल्लं, तर कोण बघतं? ‘मैत्रिणी आहेत.’ म्हणून माझी कादंबरी तिथे सुरू होईल. एक ठाण्याला उतरणारी, दुसरी दादरला. पहिली पर्स ठेवून जागा धरते. मग जागेसाठी डोंबिवलीहून उलटी कल्याणला जाऊन येऊ लागते. ग्रुपमधल्या सगळ्या कौतुक करतात. मग दुसरीने उद्या कुठली साडी नेसायची, ते पहिली ठरवते. दुसरीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. ग्रुप गाडीतच केळवण करतो आणि पहिली सगळ्यांना पेढे वाटते. (पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायची. लेखकाला आयता अंधार मिळायचा, तीही सोय गेली.) एक दिवस ठाणं येतं आणि पहिली उतरत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

हे लक्षात कुणाच्या यायचं? तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्धी टेकलेल्या बाईच्या. तिला त्या दोघींशी देणंघेणं नाही. ठाण्याला जागा रिकामी होणार, म्हणून तिने ती आधीच सांगून ठेवलेली असते. ‘तुम्ही उतरणार ना?’ एवढंच ती विचारते. उत्तर येत नाही, म्हणून पहिल्यांदा ती त्या चेहऱ्याकडे नीट बघते. गोष्ट तिनेच सांगावी. नीट बसायला मिळालं असतं, तर तिने मान वर करून पाहिलंही नसतं.