सर्व्हर अनेक, मजकूर एक

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी आली. मिशेल वाल्ड्रिघी यांच्या ‘बी-टू’ या ब्लॉगप्रणालीचा मुक्त परवान्याखालचा कोड घेऊन मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी ती उभी केली. तेव्हाचा संसार आटोपशीर होता: भाड्याचा एक सर्व्हर, त्यावर पीएचपी, बहुधा तिथेच मायएसक्यूएल डेटाबेस आणि फोटोही त्याच डिस्कवर. आज याच प्रणालीवर मोठमोठी वृत्तस्थळं चालतात आणि त्यांच्यामागे अनेक सर्व्हरांचा क्लस्टर असतो. माझं म्हणणं असं की या क्लस्टरमध्ये सर्व्हर जोडणं हा सगळ्यांत सोपा भाग आहे. अवघड आहे ते कोडमध्ये ठिकठिकाणी मुरलेलं ‘यंत्र एकच आहे’ हे गृहीतक हुडकून काढणं. ज्याच्यापाशी स्वतःचं असं काहीच उरलेलं नाही, जो भरदिवसा बंद केला तरी वाचकाला किंवा संपादकाला पत्ता लागू नये, असाच सर्व्हर क्लस्टरमध्ये शोभतो. तिथवर न पोचलेला क्लस्टर एका सर्व्हरपेक्षा अधिक धोकादायक असतो, कारण तो पूर्ण बंद पडत नाही. कुणाला बरोबर दिसतो, कुणाला चूक.

एका फोटोचा प्रवास पाहू. संपादकाने निवडणूक निकालाच्या बातमीसाठी फोटो चढवला. विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या लोड बॅलन्सरने ती विनंती पहिल्या सर्व्हरकडे पाठवली. वर्डप्रेसने फाइल wp-content/uploads मध्ये वर्ष-महिन्याच्या फोल्डरात ठेवली, तिच्या लहान-मोठ्या आवृत्त्या तिथेच तयार केल्या आणि डेटाबेसमध्ये नोंद केली. डेटाबेस सर्वांचा सामाईक आहे, त्यामुळे ‘फोटो आहे’ हे सगळ्या सर्व्हरांना कळलं. फाइल मात्र एकाच डिस्कवर आहे. वाचकाची विनंती दुसऱ्या सर्व्हरवर गेली की बातमी दिसते आणि फोटोच्या जागी ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’ हे उत्तर. त्याहून वाईट म्हणजे सर्व्हरांच्या पुढे बसवलेला, तयार उत्तरं साठवणारा कॅश ते ४०४ उत्तरसुद्धा जपून ठेवू शकतो. सर्व्हरांमध्ये फाइलींची नक्कल करणारी व्यवस्था असली आणि दोन मिनिटांनी फाइल दुसऱ्या डिस्कवर पोचली, तरी काही वाचकांना चौकट रिकामीच दिसत राहते.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे एका माणसाच्या सगळ्या विनंत्या एकाच सर्व्हरकडे बांधून ठेवणं, ज्याला स्टिकी सेशन म्हणतात. मला हा उपाय घातक वाटतो. त्याने संपादकाला स्वतःचा फोटो नेहमी दिसतो, म्हणजे दोष ज्याने हेरायचा त्याच्याच नजरेआड होतो. शिवाय तो सर्व्हर पडला की त्याला बांधलेल्यांचं तिथे साठलेलं सगळं जातं. वर्डप्रेसच्या लॉगिनला तर याची गरजच नाही. ते पीएचपी सेशनवर विसंबत नाही, कुकीवर wp-config.php मधल्या गुप्त किल्ल्यांनी सही होते आणि त्या किल्ल्या सगळीकडे सारख्या ठेवल्या की कुठलाही सर्व्हर ती ओळखतो. मूळ गाभ्याने राखलेली ही शिस्त, session_start() वापरून सेशनच्या फाइली स्थानिक डिस्कवर लिहिणारी प्लगइनं मोडतात. दुसरा उपाय सगळी डिस्कच एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून, सामाईक करण्याचा. फोटोंसाठी तो चालतो. कोडसाठी नाही: एका पानासाठी पीएचपी शेकडो फाइली धुंडाळते आणि ती एक डिस्क थबकली की सगळे सर्व्हर एकदम थबकतात. कोड प्रत्येक सर्व्हरवर सारखाच तैनात करावा आणि फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरांना नेटवर्कवरून मिळणाऱ्या वेगळ्या साठवणीत, ठेवावेत. विकिमीडियानेही आपल्या चित्रांसाठी एनएफएस सोडून ‘स्विफ्ट’ या ऑब्जेक्ट स्टोरेजचा मार्ग धरला.

डेटाबेसची गोष्ट अधिक खोल आहे. वाचनाचा भार वाटण्यासाठी मूळ डेटाबेसच्या प्रती म्हणजे रेप्लिका ठेवतात. लिखाण मूळ ठिकाणी, वाचन रेप्लिकांवर. ही वाटणी करणारं ‘हायपरडीबी’ हे प्लगइन मलनवेग यांच्याच ऑटोमॅटिक कंपनीचं आहे. पण मायएसक्यूएलची रेप्लिका सहसा मूळ डेटाबेसच्या थोडी मागे चालते. संपादकाने मथळा सुधारून जतन केला. वर्डप्रेसने कॅशमधली जुनी नोंद पुसली. त्याच क्षणी एका वाचकाची विनंती आली, कॅश रिकामा सापडला म्हणून रेप्लिकेला विचारलं गेलं आणि तिथे नवा मथळा अजून पोचलेला नव्हता. मिळाला तो जुना मथळा आता मेमकॅश्ड किंवा रेडिससारख्या सामाईक ऑब्जेक्ट कॅशमध्ये जाऊन बसला. वर्डप्रेसमध्ये अशा नोंदीला सहसा मुदत नसते. रेप्लिका सेकंदाभरात सुधारते, चुकीचा मथळा मात्र पुढच्या संपादनापर्यंत टिकू शकतो. क्षणाची दिरंगाई अशी तासन्‌तास मुक्काम ठोकते. हायपरडीबी त्याच विनंतीत लिखाणानंतरचं वाचन मूळ डेटाबेसकडे वळवतं, पण इथे विनंती दुसऱ्याची आहे.

हे अटळ नाही, याचा पुरावा मीडियाविकीत आहे. विकिपीडियासाठी घडलेल्या या प्रणालीत कॅशमधली नोंद पुसली की त्या जागी अकरा सेकंदांची राखण बसते. तेवढ्या वेळात रेप्लिकेवरून वाचलेलं मूल्य कायमचं साठवलं जात नाही. संपादन करणाऱ्याला स्वतःचा बदल लगेच दिसावा म्हणून त्याने मूळ डेटाबेसच्या कुठल्या टप्प्यावर लिहिलं हे लक्षात ठेवलं जातं आणि रेप्लिका तिथवर येईपर्यंत थांबलं जातं. आणखी एक शहाणपण तर ठेच लागूनच आलं. २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सनच्या मृत्यूची बातमी आली आणि त्याच्या लेखावर लोक तुटून पडले. लेख लांबलचक, संपादनं सतत, आणि प्रत्येक संपादनागणिक कॅश बाद. मग अनेक सर्व्हर एकाच वेळी तोच लेख नव्याने रचू लागले. सर्व्हर भरपूर होते, पण सगळे एकच काम पुन्हापुन्हा करत होते. त्यानंतर आलेला ‘पूल काउंटर’ एकाला रचू देतो आणि बाकीच्यांना थांबवतो किंवा थोडी जुनी प्रत देऊ देतो.

आता एक रास्त आक्षेप. बहुतेक मराठी संस्थांना, नियतकालिकांना क्लस्टर हवाच कशाला? एक दमदार सर्व्हर, पुढे कॅश, रोजचा बॅकअप एवढं पुरेसं नाही का? पुष्कळदा पुरतं, आणि तिथे क्लस्टरचा आग्रह धरणाऱ्या सल्लागाराचं ऐकू नये. ज्या स्थळावर लोक फक्त वाचतात, तिथे पुढचा कॅशच बहुतेक काम उरकतो. पण वर्गणी, प्रतिक्रिया, ग्रंथविक्री आली की प्रत्येक वाचकाचं पान वेगळं होतं आणि कॅश बाजूला पडतो. आणि दुसरा सर्व्हर गर्दीसाठीच लागतो असं नाही. अंकाच्या नोंदणीच्या दिवसांत पीएचपीची सुरक्षादुरुस्ती चढवायची झाली तर एक यंत्र बाजूला काढता आलं पाहिजे.

दुसरा आक्षेप संपादकांचा असतो आणि तो मला अधिक बोचतो. क्लस्टरमध्ये पॅनेलवरून प्लगइन बसवलं तर ते एकाच सर्व्हरवर बसतं. म्हणून wp-config.php मध्ये DISALLOW_FILE_MODS लिहून ते बटणच बंद करावं लागतं. ज्या सोयीमुळे तंत्रज्ञ नसलेल्या माणसालाही वर्डप्रेस आपलं वाटलं, तीच काढून घ्यायची. हे नुकसान खरं आहे. त्याची भरपाई म्हणून संपादकाची मागणी तासाभरात सगळ्या सर्व्हरांवर पोचवणारी पद्धत तंत्रज्ञाने उभी केलीच पाहिजे. नुसतं ‘क्लस्टरमध्ये चालत नाही’ असं सांगून हात झटकता येणार नाहीत.

प्लगइन लिहिणाऱ्यांकडून माझी अपेक्षा मोजकी आहे: वाचकाची माहिती स्थानिक डिस्कवर ठेवू नका, आणि नियोजित काम दोनदा चाललं तरी बिघडणार नाही असं लिहा. वर्डप्रेसचं वेळापत्रक वाचकांच्या भेटींवर चालतं आणि दोघांनी तेच काम उचलू नये म्हणून एक कुलूप लावतं. पण ऑब्जेक्ट कॅश प्रत्येक सर्व्हरवर वेगळा असेल, तर ते कुलूपही प्रत्येकाचं वेगळं होतं आणि वर्गणीदाराला तेच पत्र दोनदा जाऊ शकतं. यासाठी DISABLE_WP_CRON लावून हे काम एका ठरलेल्या ठिकाणाहून चालवावं. एखादं प्लगइन या कसोटीला उतरतं की नाही हे मुक्त प्रणालीत विक्रेत्याला विचारावं लागत नाही. फाइल उघडून session_start आणि file_put_contents शोधा, ते काय लिहितात आणि कुठे लिहितात ते वाचा, आणि चुकीचं आढळलं तर दुरुस्ती लेखकाकडे पाठवा.