खिडक्यांची यादी

सुट्टीवर आलोय, पणजीला. तिसऱ्याच दिवशी मी वही काढली. बायको म्हणाली, "झालं सुरू!"

झालं खरं. फोंतेन्हासमधून चालताना एका जुन्या घराची खिडकी दिसली. काचेच्या जागी शिंपले! पातळ, चपटे शिंपले लाकडी चौकटीत ओळीनं बसवलेले. घरमालकीणबाईंनी आत बोलावून दाखवलं. त्यातून आलेलं ऊन अगदी दुधाळ दिसतं. पुढे काच आली आणि अशा खिडक्या कमी होत गेल्या.

तर बेत असा: रोज एकच घर. सकाळी लवकर, गल्लीत स्कूटर लागायच्या आत. गल्ल्या इतक्या अरुंद की मागे सरायला जागा नाही, आणि कॅमेरा वर केला की भिंती कलंडतात. म्हणून अख्खं घर नकोच. खिडकी, दार, बल्कांवातली बसायची जागा. आणि आधी परवानगी; लोक राहतात तिथे.

एवढा सोस का? आजोळचं घर 2009 साली पाडलं. अल्बममध्ये ढीगभर फोटो आहेत, पण सगळे माणसांचे. माजघराच्या दाराला कडी डावीकडे होती की उजवीकडे, यावर आई आणि मावशी अजून भांडतात. दोघींनाही पटवून देईल असा एकही फोटो नाही.

असो. नातेवाईक मंडळी, कुणाच्या फोटोत चुकून मागे ते दार आलं असेल, तर जरूर पाठवा.